जलनेतीतील माझ्या दोन चुका

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत राहायला आल्यापासून रस्त्याच्या कामांची धूळ आणि वाहनांचा धूर यांमुळे माझे नाक दर हिवाळ्यात चोंदत असे व औषधांनी तात्पुरताच आराम पडत असे. डॉक्टरांनी ॲलर्जीचे निदान केल्यावर, त्यांना विचारूनच, मी जलनेती, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचे कोमट पाणी सोडून दुसरीतून बाहेर काढण्याची क्रिया, सुरू केली. नेती ही हठयोगातील षट्कर्मांपैकी, म्हणजे सहा शुद्धिक्रियांपैकी एक. जुन्या ग्रंथांत मात्र ती पाण्याने नव्हे, तर नाकात सूत घालून करायची सांगितली आहे.

पहिल्याच आठवड्यात नाकात जळजळ होऊ लागली आणि कपाळ दिवसभर जड राहू लागले. घंटाळी भागातील योगवर्गाच्या शिक्षकांनी जळजळीचे कारण समजावले: मी मीठ अंदाजाने घालत होतो. पाण्यातील क्षार रक्तातल्याइतके, म्हणजे लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ एवढे असतील, तर नाकाच्या नाजूक अस्तराला ते पाणी बोचत नाही. म्हणून आता मी अर्ध्या लिटरसाठी साडेचार ग्रॅम मीठ काट्यावर मोजून घेतो. पाणीही नळाचे थेट न घेता उकळून कोमट केलेलेच वापरतो, कारण न उकळलेल्या पाण्यातील अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचून रुग्ण दगावल्याची उदाहरणे आहेत, आणि या बाबतीत तडजोड नको.

दुसरी चूक नाक कोरडे न करण्याची होती. क्रियेनंतर पुढे वाकून, दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलके उच्छ्वास सोडू लागल्यावर कपाळाचा जडपणा तीन-चार दिवसांत गेला. ॲलर्जी संपलेली नाही. रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागणे मात्र थांबले आहे.