बेल्योवची पास्तिला बिघडते कुठे? या चुका टाळा

रशियाच्या तुला प्रांतात ओका नदीकाठी बेल्योव हे जुनं गाव आहे. १८८८ मध्ये प्रोखोरोव नावाच्या व्यापाऱ्याने तिथे फळं सुकवायचा धंदा काढला, आणि गावाचं नाव पास्तिला या सफरचंदाच्या मिठाईशी कायमचं जोडलं गेलं. हिला सफरचंदाची आंबापोळी समजू नका. आंबापोळीत रस नुसता वाळवतात. इथे गर फेटून त्यात हवा भरायची, मग वाळवायचा आणि थर चिकटवायचे. बहुतेक घोटाळे या हवेपाशीच होतात.

पहिली चूक बाजारातच होते. गोड, रसाळ सफरचंदांची पास्तिला नीट फुगत नाही. बेल्योवात आंतोनोव्का जातीची सफरचंदं वापरतात: आंबट, सुवासिक आणि भरपूर पेक्टिन असलेली. गर घट्ट धरतो तो या पेक्टिनमुळे. आंतोनोव्का नसेल तर हिरवं, करकरीत, आंबट सफरचंद घ्या.

दुसरी चूक म्हणजे सफरचंदं पाण्यात उकडणं. ती अख्खी, १८० अंशांवर ४०–५० मिनिटं भाजायची. सालं फुटून आतलं मऊ झालं पाहिजे. मग चाळणीवर घासून गर काढा. दोन किलोंचा साधारण एक किलो गर निघतो. गार झालेल्या गराचा चमचाभर गोळा बशीत ठेवा. पाच मिनिटांत भोवती पाण्याचं कडं दिसलं, तर गर पातळ आहे. मंद आचेवर ढवळत आटवा; पातेल्याच्या तळाशी चमच्याने ओढलेली रेघ क्षणभर तशीच राहिली की पुरे.

गर कोमट असतानाच अंडं घालण्याची घाई अनेकांना नडते. गर पूर्ण गार हवा. एक किलो गराला २५० ग्रॅम साखर आणि तीन अंड्यांचा पांढरा भाग. गर निम्म्या साखरेबरोबर फेटा, तो फिका पडून फुगतो. उरलेल्या साखरेबरोबर पांढरं वेगळं फेटून त्यात हलक्या हाताने मिसळा. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंब पडला किंवा भांड्याला तूप-तेल लागलेलं असलं, तर फेस धरत नाही. मग फेटत बसण्यात अर्थ नाही, दुसरी अंडी घ्या.

आता वाटीभर मिश्रण झाकून फ्रीजमध्ये ठेवा. हे हमखास विसरतं आणि मग थर चिकटवायला काही उरत नाही!

बाकीचं बेकिंग पेपरवर दीड सेंटीमीटर जाडीने पसरा. ८०–९० अंशांवर सहा-सात तास वाळवा, ओव्हनचं दार लाकडी चमचा अडकवून किलकिलं ठेवा. दार बंद राहिलं तर वाफ आतच कोंडते, आणि आच वाढवली तर वरून तपकिरी साल धरते, आत मात्र चिखल. बोटाने दाबल्यावर खळगा भरून आला आणि बोटाला काही लागलं नाही, की झालं.

कागद गरम असताना ओढू नका. चिकटलाच तर पालथा घालून कागदाची पाठ ओल्या फडक्याने पुसा, दोन मिनिटांत सुटतो. कडा पातळ असल्याने कडक होतात, त्या कापून टाका, नाहीतर थर सपाट बसत नाहीत. वडीच्या चार पट्ट्या करून राखलेलं मिश्रण लावत एकावर एक रचा आणि पुन्हा दीड-दोन तास वाळवा. पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावरच चोळायची. गरम पास्तिलावर ती विरघळून चिकट होते. कापलेल्या कडा चहाबरोबर संपतात.