हाताने टॅप मारताना तो सरळ कसा ठेवायचा

घरच्या लेथसाठी 12 एमएमच्या एमएस (माइल्ड स्टील) पट्टीत एम6चे (6 एमएमच्या बोल्टचे) चार होल करत होतो, म्हणजे होल पाडून त्यात टॅपनी, आटे कापायच्या हत्यारानी, आटे पाडत होतो. तीन मस्त झाले, चौथ्यात ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) आवळला तर डोकं एका बाजूनी टेकलं आणि दुसऱ्या बाजूनी कागद सरकेल एवढी फट राहिली. टॅप मारताना तर सरळ दिसत होता की! मग हिशोब करून बघितला, टॅप नुसता 2 अंश कलला तरी 10 एमएमच्या डोक्याखाली एका काठाला साधारण 0.35 एमएम फट पडते, आणि तसाच आवळत गेलो तर सगळा ताण डोक्याच्या एकाच काठावर येऊन बोल्ट वाकतो. त्या दिवसापासून नुसत्या नजरेवर टॅप मारणं बंद केलं.

टॅप सरळ जाणार का तिरका हे पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच ठरतं. एकदा आटे धरले की टॅप स्वतःच पाडलेल्या आट्यांच्या मागे जातो, मग वरून कितीही दाबा, तो वळत नाही, मोडतो. म्हणून सगळी काळजी सुरुवातीला घ्यायची.

त्याच्याही आधी होल. हँडड्रिलनी तिरकं होल पाडलं असेल तर टॅप तिकडेच ओढला जाणार, त्यामुळे होल बेंच ड्रिलवरच (टेबलावरचं उभं ड्रिल मशीन), जॉब म्हणजे आपला तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरून, खाली बर (कापलेल्या कडेची खरखर) किंवा चिप अडकलेली नाही हे बघून. ड्रिलची साइज अंदाजे घेऊ नका, एमएममध्ये एम5ला 4.2, एम6ला 5, एम8ला 6.8, एम10ला 8.5. होल लहान राहिलं तर टॅप जड जातो, जड गेला की आपण टॅप फिरवायचं हँडल एका बाजूनी ढकलतो आणि तिथेच तो कलतो. होलच्या तोंडाला थोडं काउंटरसिंक (उतरती कड) पण मारा, टॅप बसायला सोपं जातं आणि पहिला आटा वर उचलत नाही.

आता माझी सगळ्यात आवडती पद्धत. होल पाडून झालं की जॉब हलवायचा नाही, टेबल पण नाही. ड्रिल काढून त्याच चकमध्ये (ड्रिल धरणारा जबडा) टेपर टॅप, म्हणजे टोकाला निमुळता असलेला पहिला टॅप, धरायचा, मशीनचा प्लग बोर्डातून काढून ठेवायचा (नुसतं बटण बंद करून भागवू नका, हात चकवर असतो) आणि एका हातानी चक फिरवत दुसऱ्या हातानी फीडचा दांडा अगदी हलका दाबून ठेवायचा. तीन-चार फेऱ्या झाल्या की चक सैल करून वर घ्या, टॅप होलमध्येच उभा राहतो, मग हँडल लावून उरलेलं काम नेहमीसारखं. ज्या लाइनीत ड्रिल गेलं त्याच लाइनीत टॅप गेला, आणखी काय पाहिजे.

जॉब मोठा असेल, मशीनखाली मावत नसेल तर गाइड ब्लॉक बनवा, एका दुपारचं काम आहे. 25 एमएमचा चौकोनी ब्राइट बार (गुळगुळीत, नेमक्या मापाची लोखंडी सळई) घेऊन दोन्ही टोकं लेथवर फेस करा, म्हणजे सपाट कापून घ्या, आणि त्यात तुमच्या टॅपच्या साइजची आरपार होल पाडा. टॅपचा दांडा आणि आट्यांचा भाग दोन्ही व्हर्नियरनी (बारीक माप घ्यायचं साधन) मोजा, जो जाड असेल त्याच्यापेक्षा 0.1 एमएम मोठं होल पुरतं, ढिलं ठेवलं तर ब्लॉक असून नसल्यासारखा. खालच्या अंगाला व्ही खाच मारली तर गोल बारवरही बसतो. ब्लॉक जॉबवर दाबून धरा, टॅप घाला, दोन-तीन फेऱ्या फिरवा. घाईच्या वेळी जाड नट टॅपवर चढवून तो जॉबवर सपाट टेकवला तरी बरंच काम होतं, पण नटाचं तोंड दरवेळी काटकोनात असेलच असं नाही, त्यामुळे नेमक्या कामाला ब्लॉकच.

ब्लॉक नसेल तर हँडलच्या बरोब्बर मधोमध तळहात ठेवून, वरून सरळ दाब देत एकाच हातानी फिरवा. दोन फेऱ्यांनंतर हँडल काढा आणि छोटा गुण्या (काटकोन बघायचं साधन) टॅपला लावा, एकदा समोरून आणि एकदा 90 अंश फिरून बाजूनी. एकाच बाजूनी बघून समाधान मानू नका, माझा चौथा होल असाच फसला, समोरून सरळ होता आणि बाजूला कललेला. कललेला दिसला तर उभ्या टॅपला ढकलू नका, थोडा मागे घ्या आणि पुढे फिरवता फिरवताच विरुद्ध बाजूला हलका दाब द्या, मग परत गुण्या. लहान टॅपला लांब हँडल नकोच, एम5पर्यंत टी हँडल चांगलं, हाताला जोर लगेच कळतो.

पुढचं सोपं. अर्धी-एक फेरी पुढे, पाव फेरी मागे, चिप तुटल्याचं हाताला जाणवतं. एमएसला कटिंग ऑइल, ॲल्युमिनियमला रॉकेल, कास्ट आयर्न कोरडंच. बंद होल (आरपार नसलेलं) असेल तर ड्रिल आट्यांपेक्षा खोल न्या, मधेमधे टॅप काढून चिप्स साफ करा, टेपरनंतर सेकंड आणि शेवटी तळापर्यंत आटे पाडणारा बॉटम टॅप. डोळ्यावर गॉगल ठेवा, टॅप ठिसूळ असतो.

आणि एम6 तिरका होऊनच बसला तर एम8वर जाता येतं, पण 6.8चं ड्रिल हातानी घालू नका, ते जुन्या तिरक्या होलच्याच मागे जातं. जॉब परत बेंच ड्रिलवर बांधून सावकाश घाला, मिलिंग मशीन असेल तर आधी एंडमिलनी (त्या मशीनचं कटर) होल सरळ करून घ्या, आणि जॉब न हलवता टॅप त्याच चकमध्ये.