जर्मनीच्या शाळाभेटीला मुलांना नेताना

विद्यार्थी-आदानप्रदानाची जबाबदारी अंगावर आली की जर्मन शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांचे लक्ष सर्वप्रथम विमानाच्या तिकिटांकडे जाते. प्रत्यक्षात तिकिटे हा सर्वांत सोपा भाग असतो. खरी तयारी करून घ्यायची असते ती परक्या घरात दोन आठवडे राहण्याची, कारण या भेटीत मूल हॉटेलात नव्हे, तर आपल्याच वयाच्या जर्मन मुलाच्या घरी उतरते आणि पुढे तेच जर्मन मूल आपल्या घरी राहायला येते.

तारखा ठरवताना आपली मे महिन्याची सुट्टी सोयीची वाटते, कारण त्या वेळी तिकडच्या शाळा चालू असतात. मात्र बायर्न आणि बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यांत पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाला जोडून साधारण दोन आठवड्यांची सुट्टी असते आणि ती मेअखेरीस किंवा जूनमध्ये येते. बाडेन-वुर्टेमबर्गची राजधानी श्टुटगार्ट हे १९६८पासून मुंबईचे भगिनी-शहर असल्याने आपल्याकडच्या एखाद्या शाळेला तिकडची जोडीदार शाळा मिळू शकते. तेव्हा त्या राज्याचे सुट्ट्यांचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय तारीख पक्की करू नये.

कागदपत्रांची सुरुवात पालकांच्या पहिल्याच सभेत पासपोर्ट पाहण्यापासून करावी. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट साधारणतः पाचच वर्षांचा असल्यामुळे दहाव्या वर्षी काढलेला पासपोर्ट नेमका नववी-दहावीत संपतो, आणि जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी तर तो परतीच्या तारखेनंतरही किमान तीन महिने वैध लागतो. यजमान शाळेचे निमंत्रणपत्र, आई आणि वडील दोघांचे संमतिपत्र आणि किमान ३०,००० युरोंचे प्रवासी वैद्यकीय विमा संरक्षण हे कागद आधीच तयार ठेवावेत. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो; शेवटच्या महिन्यावर तो ढकलू नये.

आता घराविषयी. आमच्या पहिल्या भेटीत एक मुलगा तीन रात्री जवळजवळ उपाशी झोपला. तिकडच्या पुष्कळ घरांत रात्रीचे जेवण थंडच असते: पाव, लोणी, चीज, काकडीचे काप. यजमान आईने "आणखी घेणार का?" असे विचारले आणि त्याने आपल्या घरच्या सवयीप्रमाणे "नाईन, डांके", म्हणजे "नको, धन्यवाद" असे सांगितले. आपल्याकडे पहिले "नको" हा शिष्टाचार असतो; वाढणारी व्यक्ती दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आग्रह करते आणि मग पान भरते. तिथे मात्र पावाची टोपली लगेच उचलली गेली, कारण पाहुण्याच्या शब्दाचा मान राखणे हाच त्यांचा शिष्टाचार. चौथ्या दिवशी शाळेत तो मुलगा माझ्याजवळ येऊन दप्तरातली चिवड्याची रिकामी पिशवी दाखवू लागला, तेव्हा मला उलगडा झाला. त्या घरात कोणाचीच चूक नव्हती. मुलाला मीच आधी सांगायला हवे होते.

म्हणून आता निघण्यापूर्वी महिनाभर आम्ही वर्गात जेवणाच्या टेबलाचा सराव करतो. भूक असेल तर पहिल्याच विचारण्याला "या, गेर्ने" म्हणजे "हो, आवडेल" असे स्पष्ट म्हणायचे, आवडले नाही तर तसे सौम्यपणे सांगायचे आणि शाकाहारी असल्यास अंडे, मासे, जिलेटिन यांतले काय चालते ते यजमानांना आधीच लेखी कळवायचे. नुसते "शाकाहारी" एवढे लिहिल्यास ताटात मासा येऊ शकतो. याखेरीज कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकणे, सांगितलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी पोहोचणे आणि रविवारी दुकाने बंद असल्याने खरेदी शनिवारी उरकणे एवढे मुलांना माहीत असले की पुरते.

घरी फोन करण्याची वेळही ठरवून द्यावी. उन्हाळ्यात आपले घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असते. जूनमध्ये तिकडे रात्री नऊलाही उजेड असतो, त्यामुळे मुलाला ती संध्याकाळच वाटते आणि तेव्हा त्याने फोन केला तर आई इथे साडेबारापर्यंत जागी राहते. तिकडचे पाच म्हणजे इकडचे साडेआठ. ही वेळ दोन्ही घरांना सोयीची पडते.

परतभेटीची तयारी मात्र पालकांची करून घ्यावी लागते, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे आलेली एक जर्मन मुलगी आजीने प्रेमाने वाढलेली चौथी पुरणपोळी डोळ्यांत पाणी येईपर्यंत खात राहिली, कारण वाढलेले टाकणे तिला उद्धटपणाचे वाटत होते. दुसऱ्या दिवशी मी तिला पानावर हात आडवा धरायला शिकवले आणि आजींनाही फोन करून, त्या हाताचा अर्थ खरोखरच "पुरे" असा घ्यावा, अशी विनंती केली. पाहुण्या मुलांना उकळून गार केलेले पाणी द्यावे, तिखट वेगळे ठेवावे आणि दिवसातला किमान एक तास खोलीचे दार लोटून त्यांना एकटे बसू द्यावे. मूल नाराज आहे असे समजून घरच्यांनी वारंवार डोकावू नये, हे पालकांच्या सभेत मी स्वतः सांगते आणि आजी-आजोबांनाही त्या सभेला आवर्जून बोलावते.