जुना वर्कमेट ओळखताना या चुका टाळा

इंग्लंडात कुठल्याही बूट सेलला, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायच्या बाजाराला जा, एखादा वर्कमेट, म्हणजे वरच्या दोन फळ्यांमध्ये लाकूड पकडून ठेवणारा कामाचा घडीचा बाक, धूळ खात पडलेला दिसतोच. शेजारी 'हे अगदी पहिलं मॉडेल' असं शपथेवर सांगणारा विक्रेताही हजर असतो. त्याचं ऐकून घ्या, पण पाकीट खिशातच ठेवा.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पेटंट नंबरावरून साल ठरवणं. आमच्या ओळखीतल्या एका पोराने ऑनलाइन जाहिरात पाहिली. फोटोत स्टिकर होतं, त्यावर पेटंट नंबर. गड्याने नंबर शोधला, अर्ज 1968 चा निघाला. झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. तिप्पट पैसे मोजून माल घरी आणला आणि मला कौतुकाने दाखवायला बोलावलं. त्याच स्टिकरवर ठळक अक्षरात ब्लॅक अँड डेकर, या अवजारांच्या कंपनीचं नाव, लिहिलेलं होतं!

अरे बाबा, लोटस इलान गाडीच्या डिझायनरने, म्हणजे रॉन हिकमनने, 1961 मध्ये खुर्चीवर लाकूड ठेवून कापताना खुर्चीच कापली, तिथून ही कल्पना निघाली. मोठमोठ्या कंपन्यांनी ती नाकारली. मग 1968 पासून तो स्वतःच वर्कमेट बनवून विकायला लागला. ब्लॅक अँड डेकरने उत्पादन हाती घेतलं ते सत्तरच्या दशकात. मग त्यांच्या नावाचा वर्कमेट 1968 चा असेल कसा? पेटंट नंबर पुढे वर्षानुवर्षे छापला जातो. त्यावरून शोध कधीचा ते कळतं, समोरचा नग कधीचा ते नाही.

मी खिशात चुंबक ठेवतो. बाजूच्या एच आकाराच्या फ्रेमला लावून बघायचं. सुरुवातीच्या वर्कमेटची ही फ्रेम ओतीव ॲल्युमिनियमची, तिला चुंबक चिकटत नाही. पुढे पत्रा दाबून केलेल्या लोखंडी फ्रेम आल्या, त्यांना टक्कन चिकटतं. मात्र हे चुंबक फ्रेमलाच लावा. स्क्रू आणि बोल्ट तर लोखंडीच असतात; त्यांना लावून 'हा नवा आहे' म्हणत निघून जाणारे महाभाग मी पाहिलेत. त्या पोराच्या फ्रेमला चुंबक असं चिकटलं की काढताना रंगाचा पोपडाही आला.

वरच्या फळ्यांवरून वय काढू नका. फळ्या, हँडल, प्लास्टिकच्या खुंट्या या बदलायच्याच वस्तू. चाळीस-पन्नास वर्षांत कुणीतरी प्लायवूड ठोकलेलं असतं. रंगाचंही तेच.

वर्कमेट दोन वेगवेगळ्या उंचींवर उभा राहतो की एकाच, हे पाय उघडून बघा. विक्रेत्याला विचारू नका, त्याला बहुधा माहीतच नसतं.

सुटे भाग मागवताना नुसता मॉडेल नंबर लिहून मोकळं होणं ही दुसरी नेहमीची घोडचूक. एकाच मॉडेलचे वेगवेगळे 'टाइप' निघालेत आणि भाग टाइपप्रमाणे बदलतात. अमेरिकेतल्या 79-001 या मॉडेलच्या प्लेटवरही, म्हणजे नाव-नंबराच्या पट्टीवरही, टाइपचा आकडा शोधावा लागतो. आणि ही प्लेट लोक साफसफाईच्या नादात सँडपेपरने घासून टाकतात! माझी सवय अशी, की वस्तू घरी आली की आधी प्लेटचा फोटो, मग ओलं फडकं. थिनरची बाटली त्या दिवशी उघडायचीच नाही.

घडीचं प्रत्येक टेबल वर्कमेट नसतं. नकला ढिगाने आहेत. ऑनलाइन घेताय तर टेबल उलटं करून काढलेला फोटो मागा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून मी तरी घेत नाही.