सीएनव्हीके वापरून डीएनएचे दोन धागे प्रकाशाने जोडताना

डीएनएचे दोन धागे प्रकाशाने जोडायला सोरालेन हे रसायन वापरतात, पण त्याला धाग्यात टीनंतर लगेच ए असा क्रम हवा असतो आणि बंध सोडवायला २५४ नॅनोमीटरच्या प्रकाशाचा मारा करावा लागतो, त्यात डीएनएचंच नुकसान होतं. थ्री-सायनोव्हिनाइलकार्बाझोल, म्हणजेच सीएनव्हीके, हा त्यावरचा चांगला पर्याय आहे. जपानमधल्या फुजिमोतो यांच्या गटाने तो २००८ मध्ये मांडला. ३६६ नॅनोमीटरच्या आसपासच्या प्रकाशात तो समोरच्या धाग्यातल्या पिरिमिडीनशी (टी किंवा सी या बेसशी) बंध बांधतो आणि ३१२ नॅनोमीटरला तो बंध सुटतो. प्रखर एलईडी असेल तर जोडणीला सेकंदभर पुरतो.

प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा क्रमरचनेत. सीएनव्हीकेला एक्स म्हणू. बंध एक्सच्या थेट समोरच्या बेसशी होत नाही. प्रोबमध्ये, म्हणजे एक्स असलेल्या धाग्यात, एक्सच्या लगेच आधी, ५ प्राइम बाजूला (जिथून क्रम वाचायला सुरुवात होते त्या बाजूला), जो बेस असतो, त्याच्या जोडीदाराशी होतो. म्हणून एक्सच्या आधी ए ठेवा, म्हणजे समोर टी येतो (आरएनएत यू). जी ठेवला तर समोर सी येईल. तिथेही बंध होतो, पण सावकाश. उदाहरणार्थ, प्रोबमध्ये ५ प्राइमकडून ‘जी-ए-एक्स-सी’ असेल तर लक्ष्यात, म्हणजे समोरच्या धाग्यात, ५ प्राइमकडून ‘जी-जी-टी-सी’ हवं, आणि बंध त्या टीशी होईल. दिशा उलटी वाचली की समोर प्युरीन (ए किंवा जी) येतो आणि दिवा कितीही वेळ लावला तरी काही होत नाही. एक्स टोकाला ठेवू नका, कारण टोकं उघडझाप करत असतात. ऑर्डर देताना एचपीएलसी शुद्धीकरण मागा. कार्बाझोलही २६० नॅनोमीटरला प्रकाश शोषतो, त्यामुळे सांद्रता काढताना पुरवठादाराच्या पत्रकातला शोषण गुणांक घ्या, नुसत्या चार बेसचा हिशेब नको.

१० नॅनोमोल पावडर १०० मायक्रोलिटर पाण्यात विरघळवली की १०० मायक्रोमोलरचा साठा होतो. तो अंबर ट्यूबमध्ये भरा, वर फॉइल गुंडाळा आणि उणे २० अंशांना ठेवा. खिडकीच्या काचेतून ३६५ नॅनोमीटर बऱ्यापैकी आत येतो. पुण्यात पाषाण असो की विद्यापीठाचा परिसर, एप्रिलमध्ये खिडकीशेजारच्या टेबलावर उघडी ट्यूब ठेवली तर प्रयोग सूर्यच सुरू करून टाकतो. पडदे ओढा आणि पिवळ्या दिव्यात काम करा.

८० मायक्रोलिटरचं मिश्रण असं करा: पाचपट बफर १६, १० मायक्रोमोलर लक्ष्य ८, १० मायक्रोमोलर प्रोब ९.६ आणि पाणी ४६.४ मायक्रोलिटर. पाचपट बफर म्हणजे ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट (पीएच ७.४) आणि ५०० मिलिमोलर मीठ. जुन्या कृतींमध्ये कॅकोडिलेट बफर दिसतो, पण त्यात आर्सेनिक असतं. फॉस्फेटवर काम भागतं. मिश्रण ९५ अंशांना ३ मिनिटं तापवा, हळूहळू खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग बर्फावर ठेवा. नऊ-दहा बेसचा प्रोब असेल तर ही शेवटची पायरी टाळू नका. पुण्याच्या मे महिन्यात वातानुकूलन नसलेल्या खोलीत एवढी छोटी जोडी अर्धी सुटलेलीच असते, आणि सुटे धागे जोडले जात नाहीत.

आता दिवा. पुण्यातल्या तापकीर गल्लीत मिळणारे बरेचसे जांभळे टॉर्च ३९५ नॅनोमीटरचे असतात. नोटा तपासायला ते ठीक, इथे निरुपयोगी. एलईडीच्या माहितीपत्रकात ३६५ लिहिलेलं पाहूनच घ्या. चार वॉटचा हातदिवाही चालतो, पण मग सेकंदांऐवजी मिनिटं मोजावी लागतात. मिश्रण १०-१० मायक्रोलिटर पीसीआर पट्टीत भरा, पट्टी बर्फावरच्या ॲल्युमिनियम ठोकळ्यात बसवा, झाकणं उघडा आणि वरून प्रकाश द्या: ०, १, ३, १०, ३० आणि ६० सेकंद. शून्याची ट्यूब पूर्ण अंधारात राहिली पाहिजे. उरलेल्या दोन ट्यूबनाही ६० सेकंद द्या, त्या उलट्या क्रियेला, म्हणजे बंध सोडवून पाहायला, लागतील. टीच्या जागी ए असलेलं लक्ष्य वेगळ्या ट्यूबमध्ये चालवा. तिथेही जेलवर जोडणीचा पट्टा दिसला तर तुमचा निष्कर्ष संशयास्पद आहे. डाय किंवा लोडिंग रंग प्रकाश देऊन झाल्यावरच घाला, कारण तेही प्रकाश खातात. यूव्ही चष्मा आणि हातमोजे हवेतच.

तपासणीसाठी २० टक्के ॲक्रिलअमाइड आणि ७ मोलर युरियाचं जेल घ्या. नमुन्यात तेवढाच फॉर्मअमाइड मिसळून ९५ अंशांना ५ मिनिटं तापवा. साधी जोडी सुटते, क्रॉसलिंक (प्रकाशाने झालेला बंध) टिकतो आणि दोन्ही सुट्या धाग्यांच्या वर सावकाश सरकणारा पट्टा दिसतो. सायबर गोल्डने रंगवा. इथिडियम एकेरी धाग्यांवर फिकं पडतं.

पट्टा वाढत वाढत मध्येच थांबला तर वेळ वाढवून उपयोग नाही. आधी दोन्ही धाग्यांचं प्रमाण पुन्हा मोजा, मग लक्ष्य स्वतःवरच घडी घालतं का ते पाहा. सगळ्याच वेळांना थोडासाच पट्टा येत असेल तर शून्याची ट्यूब बघा. तिथेही तो असेल तर साठ्यावर कुठेतरी उजेड पडलाय.

पट्टा कापून घ्यायचा असेल तर नेहमीचा ३१२ नॅनोमीटरचा ट्रान्सइल्युमिनेटर लावू नका. बंध सोडवणारी तरंगलांबी नेमकी तीच आहे, त्यामुळे कापता कापता उत्पादन सुटत जातं. निळ्या प्रकाशाचा ट्रान्सइल्युमिनेटर वापरा.

मुद्दाम सोडवायचं असेल तर ३१२ नॅनोमीटर ३ ते ५ मिनिटं द्या, पण नमुना जोडीच्या वितळबिंदूच्या वर, साधारण ६० अंशांना ठेवा. थंड ठेवला तर सुटलेले धागे शेजारीच राहतात आणि पुन्हा जोडले जातात. क्वार्ट्झ क्युव्हेट घ्या किंवा उघड्या ट्यूबमध्ये वरून प्रकाश द्या, कारण पॉलिस्टायरीन ही तरंगलांबी बरीच अडवतं. पाच मिनिटांपलीकडे जाऊ नका, थायमिन डायमर होऊ लागतात, आणि ते या दिव्याने परत सुटत नाहीत.