मामाच्या पोटाच्या ऑपरेशनची तयारी, आणि ते तीन बॉलवालं यंत्र

मामाचं पोटाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात ठरलंय, जठर पूर्ण काढणार आहेत, आणि मामी रोज फोनवर विचारते काय काय करून ठेवू, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. ज्यांच्या घरी असंच काही चालू आहे त्यांनीही वाचा. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी आम्ही चुकलो, ते परत नको.

फाइल, रिपोर्ट, सीटीची सीडी, आधार, रेशनकार्ड, मेडिक्लेम हे मामी करेलच. फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, ॲडमिट व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

आता स्पायरोमीटर, म्हणजे फुप्फुसांच्या व्यायामाचं यंत्र. तेच ते, तीन रंगीत बॉल आणि नळी असलेलं. मामी, आजच मेडिकलमधून आण, रविवारी बघू असं करू नकोस. बाबांसाठी मी ते तीन आठवडे आधी आणलं होतं आणि कपाटावर ठेवून दिलं, सीलपॅक, कारण मला वाटलं हे ऑपरेशननंतर लागतं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी नाकात नळी, छातीच्या खालून बेंबीपर्यंत टाके, अशा अवस्थेत सिस्टरांनी ते हातात दिलं आणि बाबा त्यात फुंकायला लागले. ते फुंकायचं नसतं, श्वास आत ओढायचा असतो! एकही बॉल हलला नाही, दुखलं म्हणून त्यांनी बाजूला ठेवलं. तिसऱ्या दिवशी ताप, कफ निघेना, एक्सरेत न्यूमोनिया, परत आयसीयू. आतले टाके अगदी छान होते, फुप्फुसांनी मार खाल्ला. पोटाच्या वरच्या भागात कापलेलं असलं की खोल श्वास घेताना दुखतं, माणूस वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग उघडतच नाही आणि कफ साचतो. त्या दुखण्यात नवीन काही शिकता येत नाही, हातातली सवय असेल तरच होतं. म्हणून आत्तापासून दिवसातून चार-पाच वेळा, दर वेळी १० श्वास, सावकाश ओढायचा, बॉल दोन-तीन सेकंद वर धरायचा. पोटावर उशी दाबून खोकायचं, तेही आत्ताच शिकून ठेवा.

सिगरेट आजपासून बंद, चर्चा नाही. निदान चार आठवडे आधी सुटली पाहिजे.

खाण्याचं बघ. ऑपरेशन आहे म्हणून पेज आणि मुगाचं पाणी देत बसू नकोस, वजन आधीच उतरलंय. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रोटीन लागतं, मामा ६० किलोचा म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम, आणि दोन अंडी म्हणजे जेमतेम १२, तेव्हा पनीर, दही, घट्ट वरण, डॉक्टरांनी दिलेली पावडर, सगळं थोडं थोडं करत दिवसभर. दर रविवारी वजन वहीत लिही. घास खाली उतरत नसेल किंवा उलट्या होत असतील तर तारखेची वाट बघू नकोस, लगेच सांग, कधीकधी आधी नळीने फीड देऊन ताकद भरून काढतात. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही आत्ताच विचार, आदल्या दिवशी काही होत नाही.

चालणं रोज अर्धा तास, थोरात उद्यानात फेऱ्या मारू दे, दम लागला तर बाकावर बसेल. आणि घरी आल्यावर ते तीन बॉल. हो, परत सांगतेय.

रक्त पातळ करायची आणि शुगरची गोळी कधी थांबवायची ते आठवडाभर आधी विचार. साधारण ६ तास आधी जेवण बंद, २ तास आधीपर्यंत साधं पाणी चालतं, पण जठराचं तोंड अडलेलं असेल तर हिशोब वेगळा, तेव्हा भूलतज्ज्ञ म्हणतील तेच. कवळी काढून ठेवायची.

बॅगेत पुढून बटणं असलेले शर्ट, चपला, चार्जर, आणि सगळ्यात वर स्पायरोमीटर. ऑपरेशननंतर जागं असताना दर तासाला १० श्वास, मोबाइलवर अलार्म लाव. दुखत असेल तर मामाने सहन करत पडायचं नाही, औषध मागायचं, दुखणं कमी असेल तरच श्वास आणि चालणं होतं. ताप, धडधड, धाप, पोटात वाढत जाणारी कळ यातलं काहीही असेल तर रात्री दोन वाजले तरी सिस्टरांना उठून सांगायचं, आतला जोड, म्हणजे जठर काढून अन्ननलिका आतड्याला जोडलेली जागा, गळत असू शकतो.

घरी आल्यावर दिवसातून ६ ते ८ वेळा थोडं थोडं, नीट चावून. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. शिरा, पेढे, गोड चहा आणणाऱ्यांना दारातच सांग, गोडाने घाम, धडधड, चक्कर येते. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. बी-१२ चं इंजेक्शन आयुष्यभर, कॅलेंडरवर लिही. लोह, कॅल्शियम डॉक्टर सांगतील तसं.

बाकी फोनवर बोलू. मामी, यंत्र आणलंस की फोटो पाठव, डब्याचा नको, मामाच्या तोंडात नळी आणि बॉल वर गेलेला असा.