लायपोसोमवर नॅनोकणांचा परिणाम कसा मोजावा

नॅनो खते कपाशीच्या फवारणीत आल्यापासून विदर्भातील तालुक्याच्या महाविद्यालयांतही एक प्रश्न विचारला जातो: त्यांतील नॅनोकण पेशीच्या पटलाला इजा करतात काय? पेशीसंवर्धनाची सोय नसली तरी त्यातील एका भागाचे उत्तर लायपोसोम, म्हणजे लिपिडच्या (पेशीचे पटल ज्याचे बनते त्या मेदद्रव्याच्या) द्विस्तराने बनलेल्या सूक्ष्म पोकळ गोळ्या, वापरून मिळवता येते. त्यांच्या पोटात कॅल्सीन हे रंगद्रव्य सुमारे 70 मिलिमोलर इतके दाट भरले की त्याची प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश टाकल्यावर येणारी चमक, स्वतःच दबून राहते. पटल फाटले वा सच्छिद्र झाले की ते बाहेर पडून विरळ होते आणि चमकू लागते.

खरा निर्णय लिपिडच्या निवडीचा आहे आणि आपल्याकडे तो हवामानाशी बांधलेला आहे. पुस्तकांत वारंवार भेटणारे डीपीपीसी हे लिपिड 41 अंश सेल्सिअसला घट्ट अवस्थेतून प्रवाही अवस्थेत जाते, आणि या संक्रमणाच्या आसपास पटल सर्वाधिक गळके असते. मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 45 अंशांपलीकडे जातो. अशा वेळी नुसत्या पंख्याखालच्या खोलीत डीपीपीसीचे लायपोसोम नॅनोकण न घालताही गळतील, आणि दोष मात्र कणांवर जाईल. म्हणून पीओपीसी हे लिपिड घ्यावे, ज्याचे संक्रमण उणे 2 अंशांजवळ होते, आणि तरीही मोजमाप तापमान नियंत्रित ठेवूनच करावे. जिवाणूंचा प्रश्न असेल तर पीओपीजीसारखे ऋणभारित लिपिड मिसळावे, कारण जिवाणूंचे पटल ऋणभारित असते आणि धनभारित कण उदासीन पटलापेक्षा अशा पटलाला अधिक चिकटतात.

लिपिड क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून गोल बुडाच्या चंबूत पातळ थर जमेल असे वाळवावे आणि उरलेले क्लोरोफॉर्म जाण्यासाठी रात्रभर निर्वातात ठेवावे. मग कॅल्सीनचे सामू 7.4 ला आणलेले द्रावण घालून चंबू हलवावा आणि मिश्रण 100 नॅनोमीटर छिद्रांच्या पॉलिकार्बोनेट गाळणीतून अनेकदा दाबून काढावे. बाहेर राहिलेले कॅल्सीन सेफाडेक्स जी-50 च्या (आकारानुसार कण वेगळे करणाऱ्या जेलच्या) स्तंभातून वेगळे होते. लायपोसोम आधी उतरतात. स्तंभातील द्रावणाचा परासरण दाब आतल्या द्रावणाइतकाच असावा, तो कमी पडल्यास लायपोसोम फुगून फुटतात. तो मिठाने जुळवता येतो. मात्र कण चांदीचे असतील तर सोडियम नायट्रेट वापरावे, कारण क्लोराइडमुळे चांदीचे आयन अविद्राव्य होऊन खाली बसतात. बोअरचे जड पाणी कुठेही वापरू नये. त्यातील कॅल्शियम ऋणभारित पटलांना एकमेकांशी जोडते.

मोजणीत आधी नुसत्या लायपोसोमची प्रतिदीप्ती (सुमारे 495 नॅनोमीटरला उद्दीपन, 515 ला नोंद) घ्यावी, मग कण घालून ठरावीक वेळाने घ्यावी, आणि शेवटी ट्रायटन एक्स-100 हे पटल विरघळवणारे अपमार्जक घालून सर्व लायपोसोम फोडून कमाल मूल्य घ्यावे. वाढलेल्या प्रतिदीप्तीला कमाल वाढीने भागून शंभरने गुणले की गळतीची टक्केवारी मिळते. प्रतिदीप्ती मोजणारे यंत्र, म्हणजे फ्लुओरोमीटर, नसेल तर नागपूर किंवा अमरावतीच्या विद्यापीठात आधी वेळ ठरवून जावे; एसटीच्या प्रवासात नमुना बर्फाच्या डब्यात न्यावा, पण तो गोठू देऊ नये, कारण गोठल्यास लायपोसोम फुटतात.

तुलनेच्या चाचण्यांत बहुतेक प्रकल्प कच्चे पडतात. सोन्याचे कण प्रतिदीप्ती शोषतात आणि तांबे-लोहाचे आयन कॅल्सीनला विझवतात, तेव्हा मोकळ्या कॅल्सीनमध्ये तेच कण घालून किती घट होते ते आधी पाहावे. कण अपकेंद्रित्राने (सेंट्रिफ्यूजने) खाली बसवून वरचे स्वच्छ द्रवही लायपोसोमवर तपासावे. त्यानेच गळती झाली तर कारण कण नसून विरघळलेले आयन किंवा कण स्थिर ठेवण्यासाठी घातलेले रसायन असते. माझ्या मते ही दुसरी चाचणी नसलेला निष्कर्ष प्रबंधात घेऊच नये.

गळती दिसली नाही म्हणून कण पेशीत जात नाहीत असे मात्र म्हणता येत नाही. जिवंत पेशी ऊर्जा खर्चून पटलाची घडी घालते आणि कण आत ओढून घेते. लायपोसोमला ते जमत नाही. रक्तात शिरताच कणांवर प्रथिनांचा थर चढतो, म्हणून वैद्यकीय उपयोगाचा प्रश्न असेल तर रक्तद्रवात भिजवलेल्या कणांचीही गळती मोजून दोन्ही आकडे शेजारी द्यावेत.